मंगलाष्टक लिहायचं म्हणून कवितेच्या वृत्तांचा क्लास लावला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी कवी वगैरे नाही. नाशिकला अकाउंट्सचं काम करतो, दिवसभर जीएसटी, टीडीएस आणि लोकांची हरवलेली बिलं. भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला, मंगलाष्टक मामाने लिहायचं, छापील नको, तू शाळेत कविता करायचास ना. शाळेत मी मित्रांच्या वह्यांवर चार ओळी लिहायचो त्याला ती कविता म्हणत असेल तर तिचं प्रेम म्हणायचं, पण ताईला नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही.

तर पहिल्यांदा मी केलं काय, तर सगळे करतात तेच, एक अ‍ॅप डाउनलोड केलं. ओळ टाका, वृत्त ओळखून देतो असं लिहिलेलं, वृत्त म्हणजे ओळीतल्या आखूड-लांब अक्षरांचा ठरलेला साचा. फुकटात रोज तीनच ओळी, पुढे 199 रुपये, ते पण भरले. मनाच्या श्लोकाची पहिली ओळ टाकली, 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा', लगेच उत्तर आलं भुजंगप्रयात, 12 अक्षरं, चार वेळा य गण, म्हणजे तीन अक्षरांचा एक ठरलेला गट. म्हटलं वा, पैसे वसूल. मग शाळेत पाठ केलेली ओळ टाकली, 'आहे वृत्त विशाल त्यास म्हणती शार्दूलविक्रीडित'. आता ही ओळ म्हणजे त्या वृत्ताचं आधार कार्डच, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगते, आणि अ‍ॅप म्हणतं वृत्त सापडले नाही. दोनदा टाकली, स्पेस काढून टाकली, तेच उत्तर. तेव्हाच अनइन्स्टॉल करायला हवं होतं, पण 199 गेलेले असतात ना.

मग एका क्लायंटच्या मिसेसनी या क्लासचं सांगितलं. रिटायर झालेल्या मराठीच्या बाई आहेत, झूमवर घेतात, आठ रविवार, सकाळी 9 ते साडेदहा, फी 1,600. नाव इथे टाकत नाहीये कारण बाईंनीच बजावलंय की कुठे लिहू नका, आहेत ती 20 डोकी सांभाळताना जीव जातो. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून फार तर आपल्या गावात असं कोणी शिकवतंय का ते शोधा, आणि शोधताना काय बघायचं ते यातून कळलं तरी पुष्कळ.

बॅचमध्ये सगळ्या तऱ्हेचे लोक. तीन-चार निवृत्त काका, पुण्याचा एक आयटीवाला, म्हापशाची एक शिक्षिका, आणि न्यू जर्सीची एक ताई जिच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची आणि मागे डिशवॉशरचा आवाज. बाई नावं लक्षात ठेवत नाहीत, सगळ्यांना गावावरून हाक मारतात, त्यामुळे मी आठ रविवार 'अहो नाशिककर'.

पहिल्या रविवारी लघु-गुरू (आखूड उच्चाराचं अक्षर लघु, लांब ते गुरू), गण, ते लक्षात ठेवायचं यमाताराजभानसलगा, हे सगळं शाळेतलंच, ते त्यांनी अर्ध्या तासात उरकलं आणि बरं केलं. वही मिटा म्हणाल्या आणि टेबलावर हात ठेवा. गुरूला तळवा, लघुला एक बोट. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू, लगागा लगागा लगागा लगागा, बोट तळवा तळवा, बोट तळवा तळवा. वीस जणांनी वीस टेबलं बडवली, झूमवर आवाज पुढेमागे होतो त्यामुळे नुसता कल्लोळ, पण दहा मिनिटांनी हाताला कळायला लागलं. गेल्या तीस वर्षांत भुजंगप्रयाताची व्याख्या मी दहादा विसरलो असेन, हाताचं मात्र आता विसरत नाही, ऑफिसात रिटर्न अपलोड होईपर्यंत टेबलावर तेच चालू असतं.

मग मी ती अ‍ॅपची तक्रार मांडली. बाई हसल्या आणि त्या एका ओळीवर अर्धा तास गेला, माझ्या मते 1,600 तिथेच फिटले. नियम काय, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी गुरू धरायचं. अ‍ॅपने तेवढंच पाठ केलंय. म्हणून 'विशाल त्यास' मध्ये 'त्या'च्या आधीचा ल त्याने गुरू धरला, आणि 'त्यास म्हणती' मध्ये म्ह च्या आधीचा स गुरू धरला, झाली दोन ठिकाणी गडबड. पण नियमातला खरा शब्द आहे आघात. जोडाक्षराचा धक्का मागच्या अक्षराला बसला तर ते गुरू, नाही बसला तर नाही. दोन शब्दांच्या मध्ये आपण मराठीत हलकासा सुटतो त्यामुळे ल ला धक्का बसत नाही (संस्कृतात बसतो, तिथे शब्द एकमेकांना चिकटून चालतात), आणि म्ह, न्ह, ल्ह ही अक्षरं दिसायला जोड असली तरी कानाला एकच आहेत. 'तुम्ही' हा शब्द म्हणून बघा, तु वर कुठे जोर येतो? नाही येत. मग बाईंनी सगळ्यांना दर्या आणि दऱ्या म्हणायला लावलं. समुद्राच्या दर्यात द वर धक्का आहे, तो गुरू, आणि डोंगराच्या दऱ्यांत नाही, तो लघु. दर्या, दऱ्या, दर्या, दऱ्या, दहा वेळा. आतून बायको विचारायला आली की बरं आहे ना.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. 'गमूं पंथ आनंत या राघवाचा', ही ओळ मी लहानपणापासून म्हणतोय आणि एकदाही डोक्यात आलं नाही की शब्द तर अनंत आहे, हा आनंत कुठून आला? अनंत लिहिलं तर अ लघु, आणि तिथे हवा गुरू. समर्थांनी सरळ अ चा आ केला आणि पुढे निघाले, 205 श्लोक सांगायचे असलेला माणूस अशा ठिकाणी अडून बसत नाही. मारुती स्तोत्रात पण तेच, 'वनारी अंजनीसूता'. सुता चा सूता, कारण या स्तोत्राच्या अनुष्टुभात (आठ-आठ अक्षरांचे चार चरण) पहिल्या आणि तिसऱ्या चरणाचं सातवं अक्षर गुरू लागतं. आता हेच आपण मोबाइलवर टाइप केलं तर खाली लाल रेघ येईल.

तिथे एक गंमत झाली. निवृत्त काकांपैकी एक जण बोटं मोजत बसलेले, ते एकदम माइक चालू करून म्हणाले बाई, घोटाळा आहे, 'वज्र हनुमान मारुती' हे नऊ भरतंय, आठ पाहिजे. सगळे मोजायला लागलो. व, ज्र, ह, नु, मा, न, मा, रु, ती. नऊच. बाई म्हणाल्या, आता लहानपणी शनिवारी संध्याकाळी देवासमोर म्हणायचात तसं म्हणा. म्हटलं, आणि सगळ्यांच्या तोंडून आलं हन्मान. नु कुठे गेला कोणालाच माहीत नाही. झाले आठ. काका म्हणाले म्हणजे मी साठ वर्षं चूक म्हणत होतो, बाई म्हणाल्या नाही हो, साठ वर्षं बरोबर म्हणत होतात, आज पहिल्यांदा वाचलंत.

अभंगाचा रविवार साधा वाटला होता, पण तिथेही कान उघडले. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. मी हे दोन ओळींचं समजायचो. चार चरण आहेत, 6-6-6-4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं, विटेवरी-कटावरी. चौथा चरण चारच अक्षरांचा आणि कोणाशीच जुळत नाही, बाईंच्या शब्दात सांगायचं तर टाळ वाजवून झाल्यावर खाली ठेवल्यासारखा. इथे लघु-गुरू बघायचाच नाही, नुसती अक्षरं, म्हणून अ‍ॅपमध्ये अभंग टाकला की त्याची दातखीळ बसते. मग बहिणाबाई. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर'. आठ, आठ, आठ, आठ. मी कॅल्क्युलेटरवाला माणूस, परत परत मोजून पाहिलं. लिहिता-वाचता न येणारी बाई, ओव्या कागदावर उतरवून घेतल्या त्या मुलाने आणि नातलगाने, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नाही. यमकात पण बघा, संसार, चुल्ह्यावर, भाकर, तिन्हीचा शेवट र वर, आणि मधले चटके तेवढे यमकाच्या बाहेर. आता ते मुद्दाम केलेलं आहे की नाही हे बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चटका बसला की कोणी यमक जुळवत बसतं का. हे शास्त्र नाही मला माहितेय, पण डोक्यात बसलं.

मात्रावृत्तांचा रविवार माझा. बाकीचे कंटाळले, मला मजा आली, कारण तो सरळ हिशोबच आहे, लघु एक, गुरू दोन, बेरीज करा आणि टॅली करा. बालकवींचं 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे', आठ अधिक आठ अधिक आठ अधिक सहा, 30. खालची ओळ 'क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे', परत आठ आठ आठ सहा. आणि ते चोहिकडे आपण बोलतो तसं चोहीकडे लिहिलं की शेवटच्या तुकड्यात सात होतात, एक मात्रा जास्त, बॅलन्स शीट जुळत नाही. त्या एका वेलांटीसाठी मी बालकवींना मनातून नमस्कार केला.

आता तक्रारी, कारण आहेत. एक म्हणजे वेळ. साडेदहा म्हणजे सव्वाअकरा हे गृहीत धरा, रविवारची मंडई बुडते. नोट्सची पीडीएफ कुठल्यातरी जुन्या फॉन्टमधली आहे, युनिकोड नाही, मोबाइलवर उघडली की चिन्हांची रांगोळी दिसते, प्रिंट काढली तरच वाचता येते. रेकॉर्डिंग देतात पण त्यात वीस जणांचं टेबल बडवणं पण आहे, हेडफोन लावून ऐकू नका. सातव्या रविवारी गझल होती, त्यासाठी पाहुणे कवी बोलावले, त्यांनी मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द) हे पंधरा मिनिटांत गुंडाळलं आणि पुढे स्वतःच्या गझला ऐकवल्या, सगळ्यांनी वाहवा म्हटलं कारण म्हणावं लागतं. अलामत म्हणजे नक्की काय ते मला नंतर आयटीवाल्याने ग्रुपवर समजावलं, काफियातला न बदलणारा भाग येतो त्याच्या आधीचा स्वर सगळीकडे सारखा ठेवायचा, एवढंच, दोन वाक्यांचं काम होतं. आणि सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, फक्त ओझरतं झालं, केशवसुतांनी मराठीत आणलं, 14 ओळी, बरेचदा शार्दूलविक्रीडितात, संपलं, पुढच्या बॅचमध्ये नीट घेईन म्हणाल्या. ज्यांना पुस्तकातून पक्कं करायचंय त्यांना बाई माधव ज्युलियनांचं छंदोरचना बघायला सांगतात, मी लायब्ररीत उघडलं आणि मिटलं, ते माझ्यासारख्याचं काम नाही.

एका मुलाने विचारलंच, आता सगळे मुक्तछंदात लिहितात तर हे कशाला. बाई म्हणाल्या, मुक्त व्हायला आधी कशात तरी असावं लागतं. मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आला.

तर मंगलाष्टक. मूळ काम तेच होतं. लग्नातली नेहमीची चाल असते ती शार्दूलविक्रीडिताची, 'स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं' म्हणून बघा, गागागा ललगा लगाल ललगा, इथे श्वास, मग गागाल गागाल गा. 12 वर थांबा आणि पुढे 7. बाईंनी एक सोयीची गोष्ट दाखवली, 'कुर्यात् सदा मंगलम्' हे बरोब्बर सात अक्षरांचं आहे आणि त्या मागच्या साच्यात जसंच्या तसं बसतं, म्हणजे श्लोकाच्या शेवटच्या ओळीत आपल्याला बाराच अक्षरं लिहायची. बाकी तीन ओळींत मात्र पूर्ण एकोणीस, तिथे सूट नाही.

मी म्हटलं बारा अक्षरं, एवढंच ना. लिहून आणलं, 'गोदेच्या काठी सोहळा हा रंगला'. मोजलं, बारा. अभिमानाने वाचलं. बाई म्हणाल्या वाचू नका, चालीत म्हणा. गोदेच्या, इथपर्यंत छान, मग काठी म्हणताना मी अडकलो, चाल पुढे पळत होती आणि शब्द बसून राहिलेला. बाई म्हणाल्या बघा, तिथे दोन लघु आहेत, गुरुजी तिथे पळतात आणि तुम्ही पाट मांडून बसलात. चौथं, पाचवं, नववं, दहावं, चार ठिकाणी लघु हवा तिथे माझा गुरू. अक्षरं बारा म्हणजे माणसं बारा जमली, पण कोण कुठे बसायचं ते ठरलेलं आहे. दोन दिवस डोकं खाजवून झालं ते असं, 'गोदेच्या जवळी विवाह घडतो, कुर्यात् सदा मंगलम्'. जवळी हा शब्द मी आयुष्यात बोललेलो नाही, काठी वरच जीव होता, पण काठी तिथे बसतच नाही, काय करता.

दुसरी ओळ स्वतःची हौस म्हणून, 'मामाच्या हृदयी सुखे उसळती, डोळ्यांत पाणी जरा'. वृत्तात पक्की, एकही चूक नाही, मी टेबल बडवून तपासलेली. बाईंनी ऐकली आणि जरा थांबल्या, म्हणाल्या नाशिककर, वृत्त शंभर टक्के, पण सुखे उसळती म्हणजे गॅसवर दूध ठेवून विसरल्यासारखं वाटतंय हो. न्यू जर्सीची ताई म्यूट करायची विसरली होती, तिचं हसणं सगळ्यांनी ऐकलं. शेवटी केलं, 'मामाचे मन हे भरून वहते, डोळ्यांत पाणी जरा'. वाहते हवं हे मलाही कळतं, पण वा गुरू आणि जागा लघुची, म्हणून वहते. चालेल का विचारलं तर म्हणाल्या, समर्थांनी अ चा आ केला, तुम्ही वा चा व करा, फक्त कोणी म्हणून दाखवताना बरोबर म्हटलं पाहिजे.

कोणी लावावा हा क्लास? ज्याला काहीतरी नक्की लिहायचंय त्याने, मंगलाष्टक, पाळणा, आजोबांच्या पंचाहत्तरीची कविता, काहीही. हातात स्वतःची ओळ नसेल तर चौथ्या रविवारनंतर टिकणार नाही. नेट-सेटच्या परीक्षेसाठी येणार असाल तर नको, तिथे लागतो तसा तक्ता बाई देत नाहीत. पाचपैकी चार देतो, अर्धा कापला पीडीएफसाठी, अर्धा त्या पाहुण्यांसाठी. अ‍ॅपला एक, तो पण मनाच्या श्लोकाला.

लग्न झालं मागच्या महिन्यात. आठही श्लोक मी टाइप करून पुतण्याला प्रिंटला पाठवले आणि तो हुशार, त्याने जाता जाता शुद्धलेखन तपासून घेतलं, मला न सांगता. मला पत्ता नाही, मी अंतरपाटाच्या अलीकडे भाचीच्या मागे उभा. गुरुजींनी गोदेच्या जवळी सुरेख म्हटलं, बाराव्या अक्षरावर श्वास घेतला, माझे डोळे भरून आले. मग माझी ओळ आली, मामाचे मन हे भरून, आणि गुरुजी ठेचकाळले. कागदावर स्वच्छ छापलेलं, वाहते. त्यांनी चाल जरा ताणली, सावरलं, पुढे गेले, मांडवात कोणाच्या लक्षातही आलं नाही. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर न्यू जर्सीहून पाच मिनिटांत मेसेज, दहावं अक्षर गुरू कसं काय झालं हो नाशिककर?